तबकड्यांची झुंज आणि उज्जैनचा धडा

2004 सालच्या सिंहस्थास आपल्या किनारपट्टीवरून जे भाविक उज्जैनला गेले, त्यांतील कित्येकांनी क्षिप्रेच्या जलाबरोबर महाकालाच्या भस्मारतीची एखादी व्हीसीडीही घरी आणली. ते जल देव्हाऱ्यातील गडूत अद्याप असेल. तबकडीही कपाटात जपून ठेवलेली असेल. परंतु ती लावावयाची कशावर? जुने यंत्र केव्हाच मोडीत गेले आणि बहुतेक नव्या लॅपटॉपना तबकडीची खोबणच नसते.

2004 आणि 2016 या दोन सिंहस्थांच्या मधल्या बारा वर्षांत तबकड्यांच्या जगात एक महायुद्ध सुरू होऊन संपलेही. अधिक सुस्पष्ट चित्र देणारी तबकडी कोणती, हा वाद होता. तोशिबा व तिचे साथीदार एचडी डीव्हीडीच्या बाजूने, तर सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स आदी ब्लू-रेच्या बाजूने उभे ठाकले. दोन्ही तबकड्यांचा आकार एकच आणि त्या वाचणारा निळसर-जांभळा लेसरही एकाच जातीचा. भेद होता तो पोटात. एचडी डीव्हीडीच्या एका थरात 15 गिगाबाइट मावत, ब्लू-रेच्या थरात 25. उलट पहिलीची घडण जुन्या डीव्हीडीला जवळची असल्यामुळे ती जुन्याच कारखान्यांत थोड्या फेरफाराने काढता येई. एकीचे यंत्र दुसरीला मात्र ओळखतही नसे.

2006 मध्ये दोन्ही पक्ष चित्रपटांसह बाजारात उतरले. चित्रपट कंपन्यांचीही वाटणी झाली. 4 जानेवारी 2008 रोजी वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची कास धरली आणि 19 फेब्रुवारीस तोशिबाने शस्त्रे खाली ठेवली. धिरयोत दोन रेडे झुंजतात, परंतु तुडवले जाते ते शेत. ज्यांनी विश्वासाने हरलेल्या पक्षाचे यंत्र विकत घेतले, त्यांच्या पदरी एक शोभेची पेटी तेवढी आली.

आपल्याकडील सामान्य ग्राहक या झुंजीपासून दूर राहिला. 2007 मध्ये मोझर बेअरने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकावयास काढली, तेव्हा महागड्या नव्या तबकडीची वाट कोण पाहणार? पण त्या कंपनीचेही 2018 मध्ये दिवाळे वाजले. आणि विजेत्याची तरी काय गत? सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये घरगुती ध्वनिचित्रमुद्रणासाठीच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादनच थांबविले.

स्पर्धेने माल सुधारतो आणि किंमत उतरते, असे सांगितले जाते. ते आम्हांस मान्य आहे. परंतु बाजारात स्पर्धा तांदळाची असावी, पायलीची नसावी. माप सर्वांचे एकच असले, तरच मालाची पारख होते. हे याच उद्योगाला एकदा समजलेही होते. 1995 मध्ये डीव्हीडीसंबंधी असेच दोन तट पडले असता संगणक कंपन्यांनी एकाच रूपाचा आग्रह धरला आणि समेट झाला. दहा वर्षांत तो शहाणपणा विसरला गेला.

मापाचा वाद सामंजस्याने कसा सोडवावा, याचा धडा उज्जैनच्याच नावाशी निगडित आहे. प्राचीन ज्योतिर्विद आपली मध्यरेखा उज्जैनवरून मोजीत. 1952 मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, तेव्हा देशभरातील भिन्न पंचांगे तिच्यासमोर होती. गणितासाठी मध्यवर्ती स्थान ठरविताना समितीने रेखांश घेतले भारतीय प्रमाणवेळेचे, 82 अंश 30 कला; आणि अक्षांश घेतले उज्जैनचे, 23 अंश 11 कला. नवे स्वीकारले, जुन्याचा मानही राखला. पंचांगकर्त्यांचे मतभेद त्यानेही सर्वस्वी मिटले नाहीत, हे खरे. काही अधिकमासांच्या वर्षी कोकणातील काही घरी गणपती महिनाभर आधी येतो. तरीही दोन्ही पंचांगे वाचता तरी येतात! तबकडीचे तसे नाही. यंत्र गेले की तिच्यावरील अक्षर न् अक्षर मुके होते.

प्रश्न केवळ भस्मारतीच्या एका तबकडीचा नाही. आपल्या जत्रांतील उत्सवी नाटके, दशावतारी काले, कीर्तने, भजनी बुवांच्या बैठका आणि घरोघरची लग्ने यांचे एका पिढीचे चित्रण याच तबकड्यांवर आहे. त्यांतील कलावंत एकेक करून निघून जात आहेत. तबकडीचा थरही काळाने खराब होतो. म्हणून कृष्णदास शामा ग्रंथालयासारख्या मध्यवर्ती ग्रंथालयांत आणि प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात जुन्या तबकड्या वाचणारे एक चालू यंत्र आणि ते हाताळणारा एक जाणकार असावा, नागरिकांना तेथे अल्प शुल्कात प्रती करून मिळाव्यात, आणि सरकारी खर्चाने होणारे प्रत्येक चित्रण कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या रूपातच साठविले जावे, अशी आमची मागणी आहे.

पुढील सिंहस्थ 2028 साली आहे. तोपर्यंत उद्योगपतींची आणखी एखादी झुंज जुंपेल. तिचा निकाल आपल्या हाती नाही. कपाटातील तबकडीची प्रत वेळीच करून घेणे मात्र आहे.