दूरचित्रवाणीची संहिता आणि साहित्य

मावळातील भाजे लेण्यात एक स्त्री वाद्य वाजवीत असून दुसरी नृत्य करीत आहे, असे शिल्प आहे. दगडात कोरले गेल्यामुळे ते नृत्य सुमारे दोन हजार वर्षे टिकले. दूरचित्रवाणीवरील नाट्याच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. प्रक्षेपण संपते, ध्वनिचित्रफीत पुसून पुन्हा वापरता येते. मागे उरते ती संहिता. म्हणून तिचा अभ्यास साहित्य म्हणून व्हावा, असे आमचे मत आहे.

सई परांजपे यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पुणे आकाशवाणीवर निवेदिका, पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या पदवीधर आणि त्यानंतर दिल्ली दूरदर्शनवर लेखिका व दिग्दर्शिका असा त्यांचा प्रवास झाला. ‘स्पर्श’ आणि ‘चश्मे बद्दूर’ (१९८१) या चित्रपटांची बीजे त्यांच्या दूरचित्रवाणी-नाट्यांत आहेत. ‘स्पर्श’च्या पटकथेस राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. अंध मुख्याध्यापकाला साहाय्य हवे असते, दया नको असते. हा सूक्ष्म भेद तेथे मुख्यत्वे संवादांतून उलगडतो.

मालिका घाईने लिहिल्या जातात, त्यांत साहित्यमूल्य कोठून येणार, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु वृत्तपत्रीय सदरेही घाईतच लिहिली जातात. त्यांतील निवडक लेखनाला आपण ललित गद्य मानतोच. निवड करावयाची, तर आधी संहिता जतन करून वाचल्या पाहिजेत.

आपण पाहिलेल्या एखाद्या मालिकेतील एका प्रसंगाचे संवाद लिहून काढा. चित्राविना ते वाचनीय ठरतात का, हे स्वतः पडताळून पाहा.