शुक्रवारचं विधेयक

मुलांनो, परवा नागरिकशास्त्राच्या तासाला सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, खासदार व्हायला वकील व्हावं लागतं का?"

नाही बरं का! वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झालेला, मतदारयादीत नाव असलेला भारतीय नागरिक लोकसभेला उभा राहू शकतो. पदवीची अट नाही. पण कायदा शिकलेला माणूस तिथं गेला की काय करतो, ते मी वर्गात बॅरिस्टर नाथ पैंच्या गोष्टीतून सांगितलं.

त्यांचा जन्म वेंगुर्ल्याचा, १९२२ सालचा. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास झाला. मग इंग्लंडला जाऊन ते बॅरिस्टर झाले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन वेळा राजापूर मतदारसंघानं त्यांना लोकसभेत पाठवलं.

फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. अकरा न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नागरिकांचे मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेला नाही. नाथ पैंना हे पटेना. लोकांनी निवडलेल्या संसदेला घटना बदलता आलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते काही मंत्री नव्हते, विरोधी बाकांवरचे! पण साध्या खासदारालाही स्वतःचं विधेयक मांडता येतं. त्याला खासगी विधेयक म्हणतात, आणि अशा कामाला एरवी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात. नाथ पैंनी त्याच वर्षी विधेयक मांडलं. त्यावर वादही खूप झाले. उद्या एखाद्या सरकारनं बहुमताच्या जोरावर हक्कच काढून घेतले तर? मला विचाराल तर ही भीती अगदीच पोकळ नव्हती.

विधेयक मंजूर होण्याआधीच, डिसेंबर १९७० मध्ये, लोकसभा बरखास्त झाली. लोकसभा गेली की तिच्याकडची अपुरी विधेयकंही जातात. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १९७१ रोजी, नाथ पै बेळगावात वारले. वय अवघं अठ्ठेचाळीस.

त्याच वर्षी सरकारनं चोविसावी घटनादुरुस्ती करून संसदेला तो अधिकार दिला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी ती मान्य केली. पण सात विरुद्ध सहा मतांनी असंही ठरलं, की संसदेनं घटना जरूर बदलावी, तिचा मूळ ढाचा मात्र मोडू नये.

वर्गात सगळे गप्प. मग मी विचारलं, "समजा, आपल्या वर्गानं बहुमतानं ठरवलं, की शेवटच्या बाकावरच्यांनी प्रश्न विचारायचे नाहीत. चालेल?"

पुढचे बाक हसले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, तुमचं ठरायच्या आधी मला एक प्रश्न विचारायचाय."