हुशार आहे, पण मनावर घेत नाही

बारावीचे निकाल लागले की आम्हा फॅमिली डॉक्टरांकडे एक वेगळाच पेशंट येतो. वय सतरा-अठरा. ताप नाही, खोकला नाही. बोलते ती आई. "डॉक्टर, हुशार आहे हो, पण मनावर घेत नाही. कॉलेजांची यादी करायचीय, चार दिवस मागे लागलेय. 'तुम्हीच बघा काय ते' म्हणतो. काहीतरी टॉनिक द्या." पेशंट तोपर्यंत माझ्या वजनकाट्याकडे बघत बसलेला असतो.

टॉनिक मी देत नाही, पण तपासतो मात्र नक्की. 'मनावर घेत नाही' ही आईबाबांची तक्रार आहे, निदान नव्हे. तिच्यामागे काय आहे ते बघितल्याशिवाय मुलाला आळशी ठरवणं मला पटत नाही.

पहिला प्रश्न झोपेचा. किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन मेंदूत मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे या मुलांना रात्री अकराच्या आत झोप येतच नाही. वय १३ ते १८ मध्ये गरज असते ८ ते १० तासांची. सकाळी सहाला क्लाससाठी बाहेर आणि रात्री एकपर्यंत मोबाईल, असं दोन वर्षं चाललं असेल तर त्या मुलाकडून उत्साहाची अपेक्षा कशी करायची? मुलगी असेल तर मी हिमोग्लोबिन सांगतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आहे. घरात पूर्ण शाकाहार असेल तर बी-१२ बघायचं, वजन वाढत असेल, थंडी सोसत नसेल तर थायरॉइड. एवढ्या साध्या रक्ततपासण्यांनी काही 'आळशी' मुलांचा उलगडा होतो.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कंटाळा फक्त कॉलेजचा आहे, की सगळ्याचाच? कॉलेजचं नाव काढलं की तोंड फिरवणारा मुलगा संध्याकाळी टर्फवर फुटबॉल खेळून घामाघूम होऊन येत असेल, मित्रांबरोबर खिदळत असेल, तर मला फारशी काळजी वाटत नाही. पण खेळ सुटला, मित्र सुटले, जेवण आणि झोप बिघडली, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर नैराश्याचा विचार करायलाच हवा. या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं, म्हणून घरच्यांना तो उर्मटपणा वाटतो. अशा वेळी मी आईबाबांना बाहेर बसवतो आणि जगणं नकोसं वाटतं का, हे मुलाला सरळ विचारतो. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उत्तर 'हो' असेल तर मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. फॉर्मचं नंतर बघता येतं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतही बोलतात.

आता उरली ती मुलं, ज्यांना काहीही झालेलं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत हीच जास्त. यांच्याविषयी माझं मत थोडं कडू आहे. आठवीत फाउंडेशन लावलं ते आपण. सायन्स घेतलं आपण, क्लास निवडला आपण, घड्याळ लावून उठवलंही आपणच. आणि आता अचानक आपली अपेक्षा, की त्याने पुढच्या चार वर्षांत रस दाखवावा. शिवाय हुशार म्हणून वाढलेल्या मुलाला एक छुपी भीती असते. मन लावून निवडलं आणि तिथे जमलं नाही, तर 'हुशार' हा शिक्का पुसला जाणार. त्यापेक्षा निवड तुमच्यावर सोडली की अपयशही तुमचंच. सतरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ही पळवाट चांगलीच हुशारीची आहे.

आणि आपण ती मोकळी करून देतो. इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. बाबा एक्सेल उघडतात, गेल्या वर्षीचे कटऑफ उतरवतात, रात्री जागून यादी करतात. लॉगिन बाबांचं, ओटीपी बाबांच्या मोबाईलवर. २०२५ पासूनचा नियम तर आणखी कडक आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी लागलं, तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे वरची सहा नावं कोणत्या क्रमाने लिहायची यावर बरंच काही ठरतं. तो क्रम ज्याला तिथे चार वर्षं काढायची आहेत त्यानेच लावायला हवा.

पण यादी करायला जो तयारच नाही, त्याला करायला कसं लावायचं? 'तुला काय व्हायचंय?' हे विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाही पन्नाशीत नीट देता येत नाही. यादी पुढे ठेवा आणि त्यातलं काय नको ते खोडायला सांगा. निवडायला जड जातं, खोडायला नाही. एका मुलाने माझ्यासमोर असं खोडलं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्याने कॉम्प्युटरच्या सगळ्या शाखा एकामागून एक काढल्या. बाबांचा चेहरा पडला, कारण पर्सेंटाइलप्रमाणे कॉम्प्युटर सहज मिळत होतं. मग कळलं, सोसायटीतले बिघडलेले पंखे आणि मिक्सर याच्याकडे येतात. शेवटी पंधरा-वीस नावं उरली, इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलची, आणि त्यावर तो तावातावाने वाद घालत होता. तासाभरापूर्वी हा मुलगा मला 'हो' आणि 'नाही' यापलीकडे काही बोलला नव्हता.

नंतर प्रवास. पनवेलहून माटुंग्याला व्हीजेटीआयला जायचं म्हणजे हार्बरने वडाळा आणि पुढे बस, रोज, पावसाळ्यातही. नाव मोठं आहे, झेपत असेल तर जरूर जा, पण एकदा गर्दीच्या वेळी त्याला एकट्याला जाऊन येऊ द्या. वाशीचं फादर अ‍ॅग्नेल, नेरूळचं एसआयईएस आणि तेरणा, नवीन पनवेलचं पिल्लई ही दोन दिवसांत बघून होतात. गेटवरून फोटो काढून येऊ नका. कँटीनमध्ये बसा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. तुम्ही जरा लांबच्या टेबलावर बसलात तर उत्तम.

ज्याला इंजिनिअरिंग नकोच आहे, त्याच्यासाठी मुंबई विद्यापीठाची नोंदणी करून बीएस्सी, बीकॉम, बीएच्या कॉलेजांचे फॉर्मही वेळेत भरून ठेवा. सतत चित्रं काढणारी मुलगी असेल तर निफ्ट आपल्या खारघरमध्येच आहे, पण तिची प्रवेश परीक्षा हिवाळ्यात होऊन जाते, तेव्हा हे अकरावी-बारावीतच बघायला हवं.

आईबाबांचं काम यात संपत नाही. फी किती झेपेल तो आकडा पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, यादी झाल्यावर नको. नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, अधिवासाचे दाखले यांच्या मागे तुम्हीच लागा, सेतू केंद्रातल्या रांगेत उभं राहून मुलाला काही शिकायला मिळत नाही. यादीच्या तळाशी नक्की मिळतील अशी दोन-तीन कॉलेजं आहेत का ते तपासा. तारखेची आठवण एकदा करा, दहादा नको. आणि 'एक वर्ष ड्रॉप घेऊ दे' हा विचार तुमच्या डोक्यातून निघाला असेल तर सोडून द्या. स्वतःहून मागणाऱ्या मुलाचं वर्ष कधीकधी सार्थकी लागतं. ज्याने मागितलंच नाही तो दुपारी बारापर्यंत झोपतो, हे मी दरवर्षी बघतो.

अ‍ॅडमिशन झाली तरी कॉलेज सुरू व्हायला बरेच दिवस असतात. तेवढ्यात उठण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा आणि सकाळी थोडा वेळ उन्हात फिरू द्या. ज्या मुलींना लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत त्यांनी महिन्याभरात बरं वाटलं म्हणून थांबवू नयेत, साधारण तीन महिने तरी घ्याव्यात. चहाबरोबर नको, लिंबू-पाण्याबरोबर घ्या.