टोरेस घोटाळा: हप्ते वेळेवर मिळत होते, तरी पैसे का अडकले?

मुंबईत दादरला ‘टोरेस’ या दागिन्यांच्या ब्रँडचं मोठं दुकान २०२४ मध्ये सुरू झालं. पैसे गुंतवा, मॉइसनाइटचा खडा घ्या आणि दर आठवड्याला परतावा मिळवा, अशी योजना होती. डिसेंबरअखेर परतावा थांबला. ६ जानेवारी २०२५ रोजी दुकानासमोर गर्दी झाली आणि प्रकरण पोलिसांत गेलं.

इतक्या लोकांनी विश्वास का ठेवला?

कारण सुरुवातीला पैसे खरंच मिळत होते. अशा फसव्या योजनांमध्ये परतावा नफ्यातून येत नाही, नव्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून दिला जातो. म्हणजे वेळेवर मिळालेला हप्ता हीच योजनेची जाहिरात असते. खात्यात रक्कम दिसली की माणूस आणखी पैसे टाकतो, शेजाऱ्यांना सांगतो. तो खोटं बोलत नसतो, म्हणूनच त्याचं म्हणणं पटतं. पुढे शंका घेणं म्हणजे आपल्याच माणसावर अविश्वास दाखवणं होतं. शिवाय हातात खडा असल्याने पैसे सुरक्षित वाटतात.

आता हिशेब पाहू. आठवड्याला ६ टक्के म्हणजे १ लाखावर ५२ आठवड्यांत ३ लाख १२ हजार रुपये. दागिने विकून इतकी कमाई कशी होणार?

त्यामुळे ‘पैसे मिळतात का?’ याऐवजी ‘पैसे येतात कुठून?’ हे विचारा. कंपनीला ठेवी घ्यायची परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तपासता येतं. तक्रारही तिथेच करता येते.