रिकाम्या पोटी मिस्साला का?



रविवारी आठच्या मिस्सानंतर आपल्याकडे दोतोर्न सुरू होते. साडेनऊ वाजून गेले की वर्गाचा रंग बदलतो. मागची मुले बाकावर डोके टेकतात, मधली एकमेकांना कोपराने ढोसतात आणि काल पाठ असलेली प्रार्थना आज कुणालाच आठवत नाही. पालक सांगतात, मोबाईलने मुले बिघडवली. असेलही. पण सकाळी काय खाल्ले, असे त्या मुलांना विचारून पाहा. बऱ्याच जणांच्या पोटात चहा आणि दोन बिस्किटे असतात. काहींच्या पोटात तेही नसते, कारण कम्युनियन घ्यायचे तर खायचे नाही, असे आजीने बजावलेले असते.

आजी खोटे बोलत नाही. तिच्या लहानपणी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पोप पायस बारावे यांनी पाण्याला मुभा दिली, १९५७ साली अन्नाची मर्यादा तीन तासांवर आणली आणि १९६४ साली पोप पॉल सहावे यांनी ती एका तासावर आणली. तोही एक तास कम्युनियनच्या आधीचा, मिस्साच्या आधीचा नव्हे. पाणी आणि औषध कधीही चालते. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तर त्या तासाचेही बंधन नाही. म्हणजे आठच्या मिस्साला येणाऱ्या मुलाने सातला पोटभर खाल्ले तर कोणताही नियम मोडत नाही. साठ वर्षे झाली, तरी ही बातमी पेडणे आणि डिचोलीच्या कितीतरी घरांत अजून पोचलेली नाही.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतली सुमारे २० टक्के एकटा खातो. वाढत्या मुलांत हा वाटा याहून बराच मोठा. रात्री आठला जेवलेले मूल सकाळी दहाला दहा आज्ञा म्हणून दाखवू शकत नसेल, तर त्याच्या श्रद्धेवर शंका घेण्याआधी चौदा तासांचा हिशेब मांडावा. मैदा आणि साखरेची बिस्किटे थोडा वेळ तरतरी देतात आणि लवकरच पुन्हा भूक लागते.

पवित्र शास्त्राला हे नवे नाही. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय १४) शौल राजा ऐन लढाईत सैन्याला शपथ घालतो की संध्याकाळपर्यंत कोणी काही खायचे नाही. योनाथानाच्या कानी ती शपथ गेलेली नसते. तो काठीच्या टोकाने मध चाखतो आणि त्याच्या डोळ्यांत तेज येते. बाकीचे सैन्य मात्र संध्याकाळी इतके गळून जाते की लुटीतल्या जनावरांवर तुटून पडते आणि रक्तासकट मांस खाते. नियमशास्त्राने ते सक्त मना केले होते. भक्तीसाठी घातलेल्या शपथेने लोकांकडून पापच करवले.

विसाव्या शतकातले एक उदाहरण मला याच्याच शेजारी ठेवावेसे वाटते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांनी स्वखुशीने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहायचे कबूल केले. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे शास्त्रज्ञांना शोधायचे होते. त्यांतले अनेक तरुण शांततावादी ख्रिस्ती मंडळ्यांचे होते. विवेक परवानगी देत नाही म्हणून त्यांनी शस्त्र नाकारले होते. अशी निश्चयाची माणसे काही आठवड्यांत चिडचिडी झाली, उदास झाली, माणसांत मिसळेनाशी झाली. डोक्यात एकच विषय, अन्न. काही जण तर पाककृतींची पुस्तके घेऊन बसत. त्यांची श्रद्धा कुणी हिरावून घेतली नव्हती. पोटात पुरेसे जात नव्हते.

एलिया संदेष्ट्याचे वाचन ‘ब’ वर्षी सामान्य काळातल्या १९व्या रविवारी येते. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला माणूस ईजबेलच्या धमकीने पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्या भाकरीला आपण ख्रिस्तप्रसादाची छाया मानतो, आणि ते योग्यच आहे. पण आधी ती निखाऱ्यांवर भाजलेली खरीखुरी भाकर होती, उशाशी पाण्याचे भांडे होते. दूत उपदेश करत नाही. जेवू घालतो, झोपू देतो, पुन्हा जेवू घालतो. देवाचा मंद स्वर एलियाला ऐकू येतो तो त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेबवर.

आता आयांविषयी, कारण मुलांपेक्षा त्यांची मला जास्त काळजी वाटते. आपल्याकडे उपवासकाळ आणि काजूचा हंगाम एकत्र येतात. बाई पहाटे कोरा चहा घेऊन काजूच्या डोंगरावर जाते, बोंडू वेचून दुपारी परतते, सर्वांना वाढते आणि उरलेले खाते. वरून चाळीस दिवसांचा उपवास. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या दर १०० स्त्रियांपैकी ३९ जणींत रक्त कमी आढळले. शरीरात लोह कमी असले की चार पायऱ्यांत दम लागतो, लक्ष लागत नाही, उगाच रडू येते. घरचे म्हणतात, हिला हल्ली राग फार येतो. चर्चचा नियम तरी काय आहे? बंधनकारक उपवास वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. तोही १८ ते ५९ वयाच्यांना, आणि त्यातही एक पूर्ण जेवण व दोनदा थोडे खाणे चालते. गरोदर आणि आजारी बाईवर तो लादायचाच नसतो. जिला अधिक करायचे आहे तिने जरूर करावे, पण फादरांना आणि डॉक्टरांना विचारून.

महागड्या पावडरी नकोत. आपल्या आज्या अकराच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज पीत, सोबत सुके आणि तोर. भात सालीसकट उकडताना सालीतले ब जीवनसत्त्व दाण्यात उतरते, पांढऱ्याशुभ्र तांदळात ते फारसे उरत नाही. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. बांगडा आणि तारले यांत मेंदूला लागणारी चरबी आणि बी-१२ दोन्ही मिळतात. पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. हे शेवटचे पाळणे सर्वांत कठीण, हे मी जाणतो.

एक सांगायलाच हवे. प्रत्येक उदासी पेजेने जात नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणे नकोसे वाटते, अशी स्थिती असेल तर डॉक्टरांकडे जावे आणि चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. अशा माणसाला ‘प्रार्थना वाढव’ एवढेच सांगून घरी पाठवणे मला क्रूर वाटते.

येत्या रविवारपासून मिस्सा आणि दोतोर्न यांच्यामध्ये मुलांना नाचणीचे तिझण द्यावे, असे मी फादरांना सुचवले आहे. गूळ आणि नारळाचा रस घालून, पेलाभर. मोठे टोप सभागृहात आहे. सकाळी साडेसहाला ढवळायला दोन माणसे हवीत, त्यांतला निदान एक पुरुष असावा.