बीडची बॅट

दुष्काळ आणि ऊसतोडीचं स्थलांतर यांपलीकडे बीडची बातमी क्वचितच होते. 6 फेब्रुवारी 2024 रोजी ती झाली. 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, बेनोनीला, भारत 4 बाद 32 असताना बीडच्या सचिन धसने 96 धावा काढल्या. उदय सहारनसोबत 171 धावांची भागीदारी रचून सामना फिरवला.

या अंकासाठी मात्र आम्ही आणखी मागे गेलो. 2002 चा लीड्स कसोटी सामना द्रविड, तेंडुलकर, गांगुली यांच्या शतकांसाठी आठवला जातो. ढगाळ हवेत, स्विंग होणाऱ्या चेंडूंसमोर सलामीला उभा राहिला तो बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर. 236 चेंडू, 68 धावा. आम्हाला ही खेळी शतकाइतकीच मोलाची वाटते.

पुण्या-मुंबईच्या सोयींपासून दूर असलेल्या तालुक्यांत फलंदाज कसा घडतो, हे शोधणं आज निकडीचं आहे, कारण धसची खेळी पाहिलेली मुलं-मुली आता मैदान मागताहेत. तुमच्या गावात ती कुठे खेळतात? त्यांना शिकवतं कोण? मुलींना नेटमध्ये जागा मिळते का? आम्हाला जरूर लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.