नौकेच्या केबिनमधील दिवा मंद असावा

पेरणी तोंडावर आली की शेतकरी तिफण अंगणात काढतो, फण तपासतो, चाडे व नळ्या साफ करतो. किनाऱ्यावरील मच्छीमाराचा हा काळ १ जून ते ३१ जुलै असा असतो. या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असल्यामुळे नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तळास रंग लागतो, इंजिन उघडले जाते, फाटकी जाळी सांधली जातात. याच काळात आणखी एक लहानसे काम उरकून घ्यावे, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. ते काम म्हणजे सुकाणूपुढील फलकावर, जेथे होकायंत्र, इंजिनाचे काटे, जीपीएस व वायरलेस बसविलेले असतात, तेथे रात्रीसाठी मंद आणि कमीजास्त करता येणारा दिवा बसविणे.

शेतीच्या पत्रिकेत नौकेच्या दिव्याचे काय काम, असे कोणी विचारील. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, हे त्याचे सरळ उत्तर. परंतु त्याआधीही कोकणात एक भाऊ भातखाचरात व दुसरा दर्यावर, अशी घरे होतीच. आपले काम त्या घरापर्यंत पोहोचत असेल तर ते उंबऱ्यावर अर्धवट थांबू नये.

मी स्वतः देशावरचा. कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात माती शिकलो, पाणीही शिकलो. पण ते पाटाचे. दापोली तालुक्यात नेमणूक झाल्यावर एका हिवाळ्यात हर्णै बंदरातून रात्रीच्या फेरीस जाण्याचा योग आला. केबिनमध्ये छताला एक पांढरा लख्ख दिवा होता. बंदर सोडताच तांडेलाने तो मालवून टाकला. मला वाटले, बॅटरी वाचवीत असावा. थोड्या वेळाने त्याला होकायंत्र पाहावयाचे होते, तेव्हा त्याने विजेरी घेतली, तिच्या काचेवर तळहात घट्ट धरला आणि मगच ती पेटविली. बोटांच्या मांसातून जो तांबूस उजेड झिरपला तेवढ्यात त्याने काटा वाचला व विजेरी विझविली. मी हे पाहिले, पण त्याचा अर्थ मला उमगला नाही. पुढे काही नोंदी करावयाच्या म्हणून मी वही उघडली आणि मोबाइलचा दिवा लावला.

तांडेल शांतपणे म्हणाला, “साहेब, तो बंद करा. तुम्हाला वही दिसली, पण मला दर्या दिसेनासा झाला.”

मी तो तत्काळ बंद केला. तरीही पुढील काही मिनिटांतच आमच्या नाळेखाली कोणाच्या तरी जाळ्याचा थर्माकोलचा बोया आला. त्यावर दिवा नव्हता. दोर पंख्यात गुंतला, इंजिन बंद करावे लागले आणि एक तरुण खलाशी कमरेला दोरी बांधून, दातांत सुरी धरून त्या काळ्या पाण्यात उतरला. दोर कापून होईपर्यंत नौका मतलई वाऱ्यावर वाहत राहिली. तो वर येईपर्यंत कोणी बोलले नाही, आणि वर आल्यावरही मला कोणी बोल लावला नाही. बिनदिव्याचा बोया एरवीही चुकला नसता, असे तांडेल नंतर म्हणाला. ते त्याचे सौजन्य असावे, असे मला आजही वाटते.

या गोष्टीमागील शास्त्र समजावून घेण्यास शेतकऱ्यास अडचण पडू नये. रात्रपाळीच्या विजेवर ज्यांनी पिकास पाणी दिले आहे, त्यांस ठाऊक आहे की चांदण्याविना काळोखातही थोड्या वेळाने बांध, वरंबा, पायवाट दिसू लागते. आणि समोरून कोणी विजेरीचा झोत तोंडावर टाकला की पुन्हा सारे काळेकुट्ट होते. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी आहेत. एका प्रकारच्या पेशी दिवसाउजेडी रंग व बारीक अक्षरे पाहतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी केवळ अंधारात कामास येतात. या दुसऱ्या पेशींत एक जांभळट द्रव्य असते. उजेड पडला की ते विरते व अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. ते पुरेसे तयार होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. हे द्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनते, म्हणूनच त्या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो.

आता ही वीस मिनिटे समुद्राच्या हिशेबात मांडून पाहावीत. १२ मीटरहून लहान यांत्रिक नौकेचा तांबडा व हिरवा बाजूचा दिवा किमान एक सागरी मैलावरून दिसावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपली नौका ताशी ७ सागरी मैल वेगाने चालली असेल, तर एक मैल अंतर साडेआठ मिनिटांत तुटते. समोरची नौकाही तेवढ्याच वेगाने येत असेल तर सव्वाचार मिनिटांत. म्हणजे केबिनमधील लख्ख दिव्याने बिघडलेली दृष्टी पूर्ण सुधारण्याच्या आत गाठ पडून जाते. मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवरील दिवा बिघडलेल्या डोळ्यासही दिसेल. भीती आहे ती मिणमिणत्या दिव्याच्या होडीची, डोलीच्या खुंटांची, बोयाची आणि खडपाची. सुवर्णदुर्गाभोवतीच्या खडकांवर कोणी दिवा लावून ठेवलेला नाही.

असे असता आपल्याकडे मात्र ‘जितका उजेड अधिक तितकी सुरक्षितता अधिक’ ही समजूत घट्ट बसली आहे. नवी नौका बांधली की नाखवा हौसेने केबिनमध्ये पांढऱ्या एलईडीची पट्टी लावतो, आणि आम्हीही पाहणीस गेलो की ‘उजेड चांगला आहे’ असे म्हणून खाली उतरतो. आम्ही यंत्रे समजावून सांगतो. ती रात्री कोणत्या उजेडात वाचावयाची याबद्दल बोलत नाही. ही उणीव आम्हां अधिकाऱ्यांची आहे, मच्छीमाराची नव्हे. विजेरीवर तळहात धरणाऱ्या तांडेलास हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते.

दिवा कसा असावा? अंधारात पाहणाऱ्या पेशींना गडद तांबड्या प्रकाशाची जाणीव फार कमी होते, म्हणून तांबडा दिवा चांगला, हे खरे. परंतु तांबड्या रंगाचीच मात्रा मानून स्वस्थ बसू नये. तांबड्या उजेडात नकाशावरील तांबडी खूण नाहीशी होते. इंजिनाच्या उष्णतेच्या व तेलाच्या दाबाच्या तबकडीवर धोक्याचा भाग तांबडा रंगविलेला असतो. तोही पांढऱ्या भागात मिसळून जातो. शिवाय ज्यांस चाळिशी लागली आहे त्यांना तांबड्या उजेडात जवळचे अक्षर अधिकच पुसट दिसते, आणि आपले अनुभवी तांडेल बहुधा त्याच वयाचे असतात. म्हणून माझे मत असे की, रंगापेक्षा मंदपणा महत्त्वाचा. प्रखर तांबड्या दिव्यापेक्षा अतिमंद पांढरा दिवाही बरा. काटा जेमतेम वाचता येईल इतकाच उजेड ठेवावा आणि तो बटण फिरवून कमीजास्त करण्याची सोय असावी; कारण संधिप्रकाशात जो उजेड अपुरा वाटतो, तोच अमावस्येच्या रात्री डोळ्यांत खुपतो.

दिव्याची जागाही विचारपूर्वक ठरवावी. तो फलकाच्या वरच्या कडेस, आडोशाखाली, खाली तोंड करून बसवावा. तांडेलास फलक दिसावा, दिवा दिसू नये. समोरच्या काचेत त्याचे प्रतिबिंब पडले तर काच आरशासारखी होते व बाहेरच्या समुद्राऐवजी केबिनच दिसू लागते. तांबडा उजेड बाहेर सांडू देऊ नये. दुसऱ्या नौकेस तो आपल्या डाव्या बाजूचा दिवा वाटू शकतो. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतही, नेमून दिलेल्या दिव्यांशी गल्लत होईल किंवा टेहळणीस अडथळा येईल असा कोणताही दिवा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दाखवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

जोडणीच्या बाबतीत सर्वाधिक काळजी होकायंत्राची घ्यावी. विजेच्या तारेतून प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते आणि होकायंत्राची तबकडी त्यास फसते. यावर उपाय अगदी सोपा आहे. जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा सुंभाच्या दोरीसारख्या एकमेकींस पीळ देऊन न्याव्यात, म्हणजे एकीचे चुंबकत्व दुसरी मारते. काम झाल्यावर नौका धक्क्यास स्थिर असताना दिवा लावून व मालवून तबकडी पाहावी. ती किंचितही हलली तर तारांचा मार्ग बदलावा. एका अंशाची चूक ६० मैलांत एक मैल चुकविते; पाच अंशांची चूक बारा मैलांतच तेवढे चुकविते. दिवा किंवा बटण चुंबकाने चिकटवावयाचे असेल तर ते होकायंत्राजवळ मुळीच आणू नये. मोबाइल फोनही तेथे ठेवू नये. त्याच्या ध्वनिक्षेपकात चुंबक असतो.

नौकेची बॅटरी १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, हे पाहूनच दिवा घ्यावा. १२ व्होल्टची बॅटरी इंजिन चालू असता भरत असते तेव्हा दाब १४ व्होल्टच्या वर जातो. स्वस्त पट्ट्या त्यानेच लवकर जळतात. दिव्यास स्वतंत्र बटण व लहान फ्यूज द्यावा आणि हा फ्यूज दिव्याजवळ न ठेवता बॅटरीजवळ ठेवावा, म्हणजे वाटेत तार कोठेही घासली तरी आग लागणार नाही. कथिल चढविलेली तांब्याची तार खाऱ्या हवेत टिकते. साधी तार आतून हिरवी पडते. चिकटपट्टी गुंडाळून केलेला सांधा खाऱ्या हवेत पावसाळाभरही भरवशाचा राहत नाही.

आणखी एक धोका नव्या काळाचा आहे. काही एलईडी दिव्यांतील आतले यंत्र वायरलेसच्या लहरींत खरखर उत्पन्न करते व दूरचा आवाज त्यात बुडून जातो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याविषयी सूचना प्रसिद्ध केली होती. तपासणी कोणासही करता येईल. वायरलेस एखाद्या शांत चॅनेलवर लावून खरखर दाबणारे बटण आवाज जेमतेम थांबेल तेथे ठेवावे आणि मग दिवा लावावा. खरखर पुन्हा सुरू झाली तर तो दिवा दुकानदारास परत करावा. संकटकाळी १६ क्रमांकाच्या चॅनेलवरील हाक ऐकू आली नाही, तर केबिनमधील उजेडाचा काय उपयोग?

फलकाचा दिवा कितीही मंद केला तरी जीपीएस व मासे शोधणाऱ्या यंत्राचे पडदे दिवसाच्याच तेजाने झळकत राहिले, तर सारे व्यर्थ आहे. आज केबिनमधील सर्वांत मोठा दोषी दिवा नसून पडदा आहे. बहुतेक यंत्रांत रात्रीसाठी वेगळी मांडणी असते. पण इंग्रजी यादीत चार पायऱ्या खाली दडलेली असल्याने ती कोणी शोधीत नाही. येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढे व्हावे. बंदीच्या दिवसांत एका संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयात तांडेलांना बोलावून प्रत्येकाचे यंत्र त्याच्याच हाताने रात्रीच्या मांडणीत नेऊन दाखवावे. यास एक पैसाही लागत नाही. गावातील वायरमनलाही त्याच बैठकीस बोलवावे, म्हणजे पीळ दिलेल्या तारेची गोष्ट त्याच्या कानांवर जाईल.

काही नाखव्यांनी मला विचारले की, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांवर बंदी घातली, मग हा दिवा चालेल काय? ती बंदी प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर आहे. होकायंत्रावरील मिणमिणत्या दिव्याचा तिच्याशी काही संबंध नाही. जाळे ओढताना डेकवर मोठा दिवा लागतोच, तेव्हा केबिनच्या दारास जाड पडदा असावा. आणि जाळे वर आले की तो दिवा बंद करावा, कारण त्याच्या झगमगाटात आपले तांबडे-हिरवे दिवेही इतरांस दिसत नाहीत.

त्या तांडेलाच्या नौकेवर गेल्या जुलैत असा दिवा बसविला. नौका किनाऱ्यावर टेकलेली होती, वर ताडपत्री होती, बाहेर पाऊस. दिवे लागणीनंतर आम्ही सर्व उजेड घालवून अर्धा तास गप्पा मारीत बसलो आणि मग वायरमनने नवा दिवा लावला. मला तो फारच अंधूक वाटला. तांडेलाने काही वेळ फलकाकडे, मग ताडपत्रीच्या फटीतून बाहेर पाहिले आणि म्हणाला, “अजून कमी करा.”